जहाजांचा धूर आणि किनाऱ्याचा श्वास

समुद्रावरून येणारा वारा निर्मळ असतो, ही किनाऱ्यावरील माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. वाढत्या जहाजवाहतुकीमुळे ती आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

मोठी मालवाहू जहाजे बहुतांशी जड खनिज तेलावर चालतात. त्यातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसांत खोलवर शिरतात. जहाज धक्क्याला लागले तरी विजेसाठी त्याची साहाय्यक इंजिने धूर सोडतच राहतात. दुपारचा खारा वारा तो धूर वस्तीकडे आणतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. हे पाऊल स्वागतार्हच होय. तथापि आपल्याकडे रस्त्यावरील वाहनांच्या डिझेलमध्ये एप्रिल २०२० पासून दहा लाख भागांत केवळ १० भाग गंधक चालते. जहाजांना ५,००० भागांची मुभा आहे. धूर धुणारी यंत्रणा बसविलेल्या जहाजांना तर अधिक गंधकाचे तेलही वापरता येते, आणि त्यांपैकी अनेक जहाजे ते आम्लयुक्त पाणी समुद्रातच सोडतात.

याहून खटकणारी गोष्ट म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यांतील भेदभाव. बाल्टिक व उत्तर समुद्रात, तसेच अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यालगत २०१५ पासून ही मर्यादा ०.१ टक्का आहे. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रालाही तेच संरक्षण लाभले. भारताचा किनारा मात्र त्याबाहेर आहे. म्हणजे युरोपच्या बंदरात शिरताना जे जहाज स्वच्छ इंधन वापरते, तेच आपल्या किनाऱ्यावर पाचपट गंधकाचे इंधन जाळू शकते. तेथील माणसाचे फुप्फुस आपल्याहून नाजूक आहे काय?

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणीही झाली. मच्छीमार बांधवांचा उपजीविकेचा प्रश्न आहेच. त्याला हवेच्या प्रश्नाची जोड मिळाली आहे.

उपाय अज्ञात नाहीत. धक्क्यावरील जहाजांना किनाऱ्यावरून वीज पुरविण्याचा नियम कॅलिफोर्नियाने २००७ मध्येच केला. आपल्या किनाऱ्यालाही ०.१ टक्क्याची मर्यादा, धक्क्यावर वीज आणि लगतच्या गावांत हवेची नियमित, जाहीर मोजणी, या तीन मागण्या आपल्या ग्रामसभांनी ठरावाद्वारे शासनापुढे ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. जहाजे येण्यापूर्वीची हवा आज मोजून ठेवली, तरच उद्या तुलनेला आधार राहील.