दहावी पास झाला, पुढं कुठं गेला?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडं गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागतात. पहिल्या पाच-दहा जणांचे फोटो, त्यांचे टक्के आणि खाली मोठ्या अक्षरात ‘शाळेचा निकाल 100 टक्के’. आमच्या बॅचचाही असाच फ्लेक्स लागला होता. त्या शंभर टक्क्यांत माझ्या बाकावरचा मित्रही होता. त्याचा फोटो नव्हता, पण तो पास झाला होता.

त्याला लहानपणापासून ऐकायला कमी यायचं. सर फळ्याकडं तोंड करून बोलायला लागले की त्याला काही समजायचं नाही. मग तो माझी वही स्वतःकडं ओढून घ्यायचा. सर वर्गाकडं तोंड करून बोलले तर मात्र ओठांवरून त्याला बरंच कळायचं. चित्रं अशी काढायचा की विज्ञानाच्या आकृत्या आम्ही सगळे त्याच्याकडूनच उतरवून घ्यायचो. ड्रॉइंगचं काहीतरी शिकणार, असं तो कायम सांगायचा.

दहावीनंतर मी एका कॉलेजात गेलो, तो दुसऱ्या. मधल्या काळात मीही त्याची चौकशी केली नाही, हे आधीच कबूल करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मला उद्यमबागेत दिसला. एका वर्कशॉपबाहेर चहा पीत उभा होता. हात काळे, मानेभोवती रुमाल. कास्टिंगच्या कडा घासायचं काम करतो म्हणाला. मोबाइल काढून त्यानं टाइप केलं, ‘पीयूसीला सहा महिने गेलो. काय कळत नव्हतं. सोडलं.’

काय कळत नव्हतं? आपण सीमाभागातली पोरं हे लगेच ओळखू शकतो. दहावीपर्यंत सगळं मराठीत, आणि पीयूसीला गेलं की वर्गात इंग्रजी नाहीतर कन्नड. आपल्यालाही पहिले चार महिने डोक्यावरून जातं. त्याला तर मराठी बोलणारे ओठ वाचायची सवय. त्याच्यासाठी वर्गाचा आवाजच बंद झाला.

मी त्याला विचारलं, ‘अरे, दिव्यांगांना कॉलेजात राखीव जागा असतात, माहीत होतं का?’ त्यानं टाइप केलं, ‘कुठं?’

तेव्हापासून हा ‘कुठं’ माझ्या डोक्यातून जात नाही. कारण कायद्यात सगळं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, यात 21 प्रकारचं अपंगत्व मान्य झालं. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना वयाच्या 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान 5 टक्के जागा, सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के.

याच कायद्याचं कलम 16 वाचून बघा. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती आणि शिक्षण पूर्ण होणं यावर शाळांनी लक्ष ठेवावं, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण शाळा संपल्यावर त्या मुलाचं काय झालं, हे कुणी विचारायचं ते तिथं लिहिलेलं नाही. शाळेच्या लेखी माझा मित्र पास झाला, म्हणजे काम संपलं. पीयूसीच्या लेखी तो मध्येच सोडून गेलेला एक पोरगा. वर्कशॉपच्या लेखी एक कामगार. तिन्ही ठिकाणी तो आहे, पण या तिन्ही नोंदी जोडून बघणारं कुणी नाही.

राज्यशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवतात की सरकार जे मोजतं त्यावरच धोरण करतं. आपल्याकडं मोजणी होत नाही असंही नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग होते, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. शाळांची माहिती यूडायस प्लसमध्ये भरली जाते आणि 2022-23 पासून ती एकेका विद्यार्थ्याच्या नावानिशी भरली जाते. कॉलेजांच्या सर्वेक्षणात दिव्यांग विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा असतो. पण कॉलेजचा आकडा आलेल्यांचा असतो. जो आलाच नाही, किंवा सहा महिन्यांत निघून गेला, तो का गेला हे त्या आकड्यातून कळत नाही. 5 टक्के जागा भरल्या नाहीत तर ‘विद्यार्थीच मिळत नाहीत’ असं म्हणणं मग सोपं जातं. विद्यार्थी उद्यमबागेत कडा घासतोय, हे त्यांना कोण सांगणार?

हे काम करता येतं. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा जो केंद्रीय कायदा आहे, त्यात 2004 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक राज्याला एक हिशेब द्यावा लागतो. विशेष शिक्षण घेणारी मुलं शाळेतून बाहेर पडून एक वर्ष झालं की त्यांना गाठून विचारायचं, कॉलेजात आहेस का? नेहमीच्या पगारावर नोकरी आहे का? दुसरं काही प्रशिक्षण किंवा काम चालू आहे का? शाळा मध्येच सोडलेल्यांनाही यात धरतात. तिथंही अडचणी आहेत. फोन नंबर बदललेले असतात, आणि ज्यांचं बरं चाललेलं नाही तेच सापडायला सगळ्यात अवघड जातात. तरी प्रश्न विचारायची जबाबदारी कुणावर आहे, हे ठरलेलं आहे. आपल्याकडं तेच ठरलेलं नाही.

आपल्या भागात तर हे जास्त गरजेचं आहे. इथली बरीच पोरं दहावीनंतर चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला जातात. दिव्यांग प्रमाणपत्र कायद्यानं सगळ्या देशात चालतं, पण प्रवेशाचे नियम आणि रहिवासी दाखल्याच्या अटी राज्यागणिक बदलतात. पायानं अधू असलेली एखादी मुलगी सीमेपलीकडं शिकतेय की घरी बसलीय, हे तिच्या जुन्या शाळेला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दाखला घेऊन गेली.’ दाखला नेला एवढ्यावर वही मिटते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, मास्तरांवर अजून किती कामं टाकणार? इलेक्शन ड्यूटी आहे, सर्व्हे आहेत, मान्य. पण एका शाळेतून वर्षाला अशी मुलं बाहेर पडतात ती दोन, तीन, फार तर पाच. वर्षातून पाच फोन. दुसरा आक्षेप खाजगीपणाचा, आणि तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो. उद्या कुणाच्या अपंगत्वाची यादी व्हॉट्सॲपवर फिरली तर त्यापेक्षा न विचारलेलं बरं. म्हणून शाळा सोडतानाच मुलाची आणि घरच्यांची संमती घ्यावी, नावं शाळेतच राहावीत, वर फक्त आकडे जावेत. आणि प्रश्न शक्यतो त्या मुलालाच विचारावा. ‘बरं चाललंय’ असं उत्तर घरचे सवयीनं देतात.

नुसता आकडा गोळा करूनही भागणार नाही. माझ्या मित्राला सहाव्या महिन्यात कुणी विचारलं असतं, तर लेखी नोट्स मिळवून देता आल्या असत्या, आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडची माहिती देता आली असती. चौकशीचा फायदा वेळेत झाली तरच होतो.

मागणी एवढीच आहे. प्रत्येक हायस्कूलनं दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक वही ठेवावी. शाळा सोडल्यावर सहा महिन्यांनी एक फोन, वर्षानं दुसरा. तालुक्याचा आकडा बीईओ ऑफिसनं दरवर्षी जाहीर करावा. इतके गेले, इतके शिकतायत, इतके कामाला आहेत, इतके घरी आहेत, इतके सापडले नाहीत. ‘सापडले नाहीत’ हा रकाना तर हवाच, कारण तिथूनच पुढचं काम सुरू होतं.

तोवर आपण एक करू. दहावीचा ग्रुप फोटो काढा. तुमच्या वर्गातही असा एखादा मित्र, अशी एखादी मैत्रीण असेल. आज त्यांना मेसेज करा, काय करतोयस, काय करतेयस म्हणून विचारा. शिक्षण सुटलं असेल तर का सुटलं तेही विचारा, आणि नाव न घेता ते आपल्या जुन्या शाळेच्या हेडमास्तरांना जाऊन सांगा.

मी पुढच्या रविवारी मित्राच्या घरी जाणार आहे. आयटीआयच्या प्रवेशाची माहिती काढून ठेवलीय. त्याला अजून ड्रॉइंग शिकायचंय का, हे आधी विचारीन.