मंत्रालय गेले, शहर मागे राहिले

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूरला राजधानीचा मान मिळाला. जुन्या शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर नवे रायपूर आखले गेले. २०१२ मध्ये मंत्रालय तेथे हलले, २०१८ मध्ये नगराला अटलबिहारी वाजपेयींचे नाव लाभले आणि २०२५ मध्ये विधानसभेलाही नवी वास्तू मिळाली. सत्तेने बिऱ्हाड हलविले. कर्मचारी मात्र वर्षानुवर्षे सायंकाळी जुन्या रायपुरातच परतत राहिले.

नवी मुंबईचा अनुभव नेमका उलटा आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हा मंत्रालय खाडीपलीकडे न्यावे, असा नियोजनकारांचा आग्रह होता. ते मुंबईतच राहिले. तरीही घाऊक बाजार वाशीला गेले, १९९२ मध्ये लोकल पोहोचली आणि शहर वसले. नव्या रायपूरला प्रवासी रेल्वे मिळाली ती २०२५ मध्ये, म्हणजे मंत्रालयानंतर तब्बल तेरा वर्षांनी.

एका बाबतीत मात्र दोन्ही शहरांचे नशीब सारखे. १९८४ च्या गोळीबारात उरण परिसरात पाच आंदोलकांचे बळी गेले; साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्यानंतरच मिळाला. २०२२ मध्ये नव्या रायपूरचे शेतकरीही मोबदला आणि पुनर्वसनासाठी धरण्यावर बसले. राजधानी शासकीय आदेशाने हलविता येते. शहर वसविण्यासाठी रेल्वे, बाजार आणि शाळा आधी न्याव्या लागतात, आणि त्याहीआधी जमीन देणाऱ्याचा हिशेब चुकता करावा लागतो.