गाडीची चकाकी आणि ज्येष्ठांचे हात

घरातील ज्येष्ठाने गाडी चालवणे थांबवण्याचा दिवस बहुतेक कुटुंबांत कधी ना कधी येतोच. दृष्टी मंदावलेली असते, तळपायांना बधिरता आलेली असते, किंवा मान वळवून मागे पाहणे जमत नसते. डॉक्टर ‘आता नको’ म्हणतात, मुले किल्ली उचलून ठेवतात आणि विषय संपला असे सर्वांना वाटते. ज्याच्या हातून किल्ली गेली, त्याच्यासाठी मात्र तो तेव्हा सुरू झालेला असतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात असेच घडले. वाहन चालवणे बंद झाल्यापासून घरातील वडीलधारे गृहस्थ खाली पार्किंगमध्ये उतरेनासे झाले. गाडीवर धूळ साचली, त्यांचे बोलणेही कमी झाले. एका रविवारी सुनेने त्यांना विचारले, “बाबा, गाडी अगदीच निस्तेज दिसतेय. वॅक्स कसं करतात, मला दाखवाल का?” त्या दिवशी दोघांनी मिळून फक्त बॉनेट केले. पुढच्या रविवारी बाबा स्वतःहून बूट घालून तयार होते. त्यांची प्रकृती काही जादूने पालटली नाही. परंतु आठवड्यात एक सकाळ अशी आली, की जिच्यात घरच्यांना त्यांची गरज होती. म्हणून या वेळी गाडीच्या रंगाची निगा आणि ती राखताना शरीराची घ्यायची काळजी, या दोहोंविषयी.

चकाकी येते कोठून?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो साधारणतः ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. आपण जिला रंगाची चमक म्हणतो, ती खरे तर या थराची चमक होय. धुळीने माखलेल्या गाडीवर रोज सकाळी कोरडे फडके फिरवले, की धुळीचे कण या थरावर बारीक चरे ओढतात. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी गोल वलये ती हीच. तेव्हा पहिला नियम असा, की कोरडी गाडी पुसू नये. आधी पाण्याने धूळ जाऊ द्यावी.

पॉलिश आणि वॅक्स या दोन गोष्टी भिन्न आहेत. पॉलिशमध्ये घासणारे सूक्ष्म कण असतात. ते त्या पारदर्शक थराचा थोडा भाग झिजवून चरे सपाट करतात. वॅक्स काही झिजवत नाही. ते वर एक संरक्षक लेप देते, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने ओघळून जाते. पॉलिश वारंवार करणे गाडीला मानवत नाही, आणि यंत्राने पॉलिश करणे ज्येष्ठांच्या मनगटांना व खांद्यांना. ते काम कारागिरावर सोपवावे. वॅक्स मात्र हाताने, सावकाश करण्याजोगे आहे. (गाडीचा रंग बिनचकाकीचा, ‘मॅट’ असेल, तर तिला वॅक्स लावू नये.)

अनेक नामांकित वॅक्समध्ये कार्नौबा नावाचे मेण असते. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते तयार होते. कोरड्या ऋतूत पानातील ओलावा त्यामुळे टिकतो. ते ८० अंश सेल्सिअसच्या वरच वितळते. औषधांच्या काही गोळ्यांना चकाकी देण्यासाठीही हेच मेण वापरतात. म्हणून गाडीचे वॅक्स निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नये. त्यात द्रावके मिसळलेली असतात. म्हणून ते मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरावे. मूळ डबीतून काढून ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कधीही भरू नये. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीच्या व लहान मुलांच्या घरात ही चूक महागात पडू शकते.

कबुतरांची विष्ठा: गाडीला व फुप्फुसांनाही घातक

शहरांतील पार्किंगमध्ये हा प्रश्न रोजचाच. विष्ठेतील आम्लामुळे रंगावर डाग उमटतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाळलेली विष्ठा खरवडली की तिची धूळ श्वासावाटे आत जाते. अशी धूळ वारंवार आत गेल्याने काही व्यक्तींच्या फुप्फुसांना ॲलर्जीमुळे सूज येऊ शकते. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांनी विशेष जपावे. जुन्या वर्तमानपत्राचा कागद चांगला भिजवून डागावर दहा मिनिटे ठेवावा आणि मऊ झालेली घाण त्याच कागदाने उचलावी. तोंडावर मास्क व हातांत मोजे असावेत. श्वसनाचा विकार असल्यास हे काम घरातील तरुणाने करावे.

कामाचा क्रम

सकाळी लवकर, सावलीत आणि इंजिन थंड असताना सुरुवात करावी. तापलेल्या पत्र्यावर वॅक्स लगेच वाळून चिकटते, आणि त्या उन्हात उभे राहणे तुम्हालाही झेपत नाही.

दोन बादल्या घ्याव्यात: एक गाडीच्या शॅम्पूची, दुसरी स्वच्छ पाण्याची. कापड प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवावे, म्हणजे धूळ पुन्हा गाडीवर जात नाही. भांड्यांचा साबण वापरू नये. तो आधीचे वॅक्स धुऊन टाकतो. बादली अर्धीच भरावी व ती इतरांनी उचलावी.

गाडी मायक्रोफायबरच्या कापडाने पूर्ण कोरडी करावी. मग एका वेळी एकच भाग, उदाहरणार्थ अर्धे बॉनेट, घ्यावा. स्पंजवर बोटाच्या पेराएवढे वॅक्स घेऊन अगदी पातळ थर द्यावा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात. काही मिनिटांनी थर धुरकट दिसू लागतो. बोट फिरवून पाहावे. खाली स्वच्छ रंग दिसला, तर दुसऱ्या कोरड्या कापडाने हलकेच पुसावे. कापड जमिनीवर पडल्यास ते बाजूला ठेवावे. त्याला चिकटलेली वाळू सारी मेहनत वाया घालवते.

वॅक्स समोरच्या काचेवर लागू देऊ नये. रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यामुळे फाकतो. टायर किंवा डॅशबोर्ड चमकवण्याचा द्रव स्टिअरिंगला व पायांखालच्या पॅडलना कधीही लावू नये; ती निसरडी होतात.

वर्षातून दोन वेळा निश्चित कराव्यात: पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि दसऱ्याच्या आधी. वाहनपूजेचे हळदकुंकू व झेंडूच्या पाकळ्या वॅक्स केलेल्या पत्र्यावरून पाण्याने सहज निघतात.

शरीराचे नियम

• काम १५ मिनिटांचे, मग तेवढीच विश्रांती. संपूर्ण गाडी एका दिवसात करण्याचा हट्ट नको.

• हात खांद्याच्या वर नेऊ नये. टप पुसण्यासाठी स्टुलावर किंवा दाराच्या उंबऱ्यावर चढू नये. तो भाग तरुणांचा. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. अशांनी दुखऱ्या हाताला विश्रांती द्यावी.

• दारांचा खालचा भाग वाकून नव्हे, तर स्थिर खुर्चीवर बसून करावा. रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. आधी बसल्या जागी पाय हलवावेत, मग आधार घेऊन उठावे.

• साबणाच्या पाण्याने फरशी निसरडी होते. सपाता नकोत, पकड असलेले बूट हवेत. धुण्याचे काम संपून जमीन सुकल्यावर ज्येष्ठांनी खाली उतरणे उत्तम.

• पाणी जवळ ठेवावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

• छातीत दडपण, धाप, घाम किंवा चक्कर जाणवल्यास काम तत्काळ थांबवावे व विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

काळजीवाहकांसाठी

ज्येष्ठांनी पुसलेला भाग त्यांच्यासमोर पुन्हा पुसू नका. एखादा कोपरा राहिला तर राहू द्या. पुढच्या रविवारी तो त्यांनाच दिसेल. विस्मरण होत असलेल्या व्यक्तीला सारा क्रम एकदम सांगू नका. एक कापड हाती द्या, एकच भाग दाखवा, तो झाल्यावर पुढचा. गाडीची किल्ली मात्र वर घरातच असू द्या. दारे उघडी हवी असतील, तर ती आधीच उघडून ठेवा. ‘एक चक्कर मारतो’ असा आग्रह झाल्यास वाद घालू नका. “मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा,” असे म्हणून खरोखरच त्यांना एक फेरी मारून आणा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही एक विनंती. किल्ली सोपवणे ही हार नव्हे; रस्त्यावरील अनोळखी माणसांची आणि स्वतःची घेतलेली ती काळजी आहे. परंतु गाडीवर इतकी वर्षे माया केलेले हात घडी घालून बसवण्याचे कारण नाही. कापड कसे धरावे, थर किती पातळ द्यावा, हे नातवाला आपणच दाखवायचे आहे. या रविवारी केवळ बॉनेटपासून सुरुवात करावी.