सहा की आठ?

१६ नोव्हेंबर जवळ आला, की आपल्या नियतकालिकांतून आणि प्रवचनांतून एल साल्वादोरच्या ‘सहा येशूसंघीय रक्तसाक्षीं’चे स्मरण केले जाते. आम्हीही ते अनेकदा केले आहे आणि दर वेळी सहाच म्हटले आहे. त्याची आज आम्हांस लाज वाटते. त्या रात्री त्या आवारात माणसे मारली गेली, ती आठ होती.

प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात सान साल्वादोर या राजधानीत यादवी युद्ध घरांच्या दारापर्यंत आले होते. तेथील मध्य अमेरिकन विद्यापीठाचे प्रमुख फादर इग्नासियो एलाक्युरिया हे वाटाघाटींनी युद्ध थांबवा असे सांगत होते आणि लष्कराच्या डोळ्यांत सलत होते. एलाक्युरियांना ठार करा, मागे साक्षीदार ठेवू नका, असा हुकूम वरून सुटल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये नमूद केले. एलाक्युरिया आणि त्यांचे पाच सहकारी धर्मगुरू मारले गेले, ते असे.

आता उरलेल्या दोघींविषयी. एल्बा रामोस ही बेचाळीस वर्षांची बाई येशूसंघीयांकडे स्वयंपाक करी. तिचा नवरा ओब्दुलियो तिथलाच माळी व राखणदार. मुलगी सेलिना शाळेत शिकत होती. बाहेर गोळीबार चाललेला. फादरांच्या घरी तरी सुरक्षित राहू, या भरवशाने मायलेकी तेथे झोपायला आल्या. सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. परतताना विव्हळणे ऐकू आले, तेव्हा पुन्हा झाडल्या. सकाळी आई लेकीला कवटाळलेल्या स्थितीत सापडली.

आमचे काही मित्र म्हणतात, “त्या बिचाऱ्या योगायोगाने सापडल्या, धर्मगुरूंनी मात्र जाणूनबुजून धोका पत्करला होता. दोहोंना एका मापाने कसे मोजता?” हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो. मग २८ डिसेंबरला आपण बेथलेहेमच्या ज्या बालकांचा सण पाळतो, त्यांनी काय जाणूनबुजून पत्करले होते? ती बोलूही शकत नव्हती. ख्रिस्ताच्या जिवावर उठलेल्या राजाच्या वाटेत ती आली, एवढेच. आणि ख्रिस्तसभेने त्यांना वेदीवर मान दिला.

शिवाय आपला शब्दच पाहा. आपण ‘रक्तसाक्षी’ म्हणतो. एल्बा आणि सेलिना यांना का मारले? साक्षीदार उरू नये म्हणून. ज्यांना केवळ साक्षीच्या भयाने ठार केले, त्यांनाच आपण हे नाव नाकारावे?

एक साक्षीदार मात्र उरली. लुसिया सेर्ना ही सफाईचे काम करणारी स्त्री त्या रात्री नवऱ्या-मुलीसह शेजारच्या घरात होती. गणवेशातले सैनिक पाहिल्याचे तिने सांगितले. पुढे अमेरिकेत नेऊन तिची दिवसेंदिवस उलटतपासणी झाली, तिला खोटी ठरवण्याची पराकाष्ठा झाली. दडपणाखाली तिने एकदा शब्द मागेही घेतला, मग पुन्हा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. पीटरने तर तीनदा नाकारले होते. तिचे नाव आपल्या किती प्रवचनांत आले?

न्यायालयांचीही कथा विचित्र आहे. १९९१ च्या खटल्यात गोळ्या झाडणारे सुटले, दोन अधिकारी दोषी ठरले. त्यांतला एक लेफ्टनंट आठांपैकी केवळ सेलिनाच्या खुनाबद्दल. १९९३ च्या सर्वमाफीने तेही सुटले. २०२० मध्ये स्पेनमध्ये कर्नल मोन्तानो यांस १३३ वर्षांची शिक्षा झाली, ती पाच स्पॅनिश धर्मगुरूंसाठी. अमेरिकेने त्यांना केवळ त्याच पाच खुनांसाठी स्वाधीन केले होते. त्यामुळे साल्वादोरचेच असलेले फादर लोपेस इ लोपेस आणि या मायलेकी हिशेबाबाहेर राहिल्या. कायद्याची अडचण आम्ही समजू शकतो. आपली अडचण कोणती?

ख्रिस्तसभेला हे जमत नाही असेही नाही. त्याच देशात १९७७ मध्ये फादर रुतिलियो ग्रान्दे यांच्या मोटारीत मारले गेलेले वृद्ध मानुएल सोलोर्सानो आणि किशोरवयीन नेल्सन लेमुस यांना २०२२ मध्ये फादरांच्याच बरोबरीने धन्य घोषित करण्यात आले. खेड्यातला म्हातारा, खेड्यातला पोरगा.

आपली खोड जुनी आहे. कोणत्याही धर्मग्रामाची शतकमहोत्सवी स्मरणिका उघडा. प्रमुख धर्मगुरूंची नावे सालांसह, देणगीदारांची रकमेसह. फादरांच्या घरी तीस वर्षे चूल सांभाळणाऱ्या बाईचे नाव शोधून दाखवा. समूहचित्रात ती असलीच तर कडेला, अर्धी कापलेली.

ओब्दुलियोने पुढे, जेथे धर्मगुरू पडले त्या हिरवळीवर गुलाब लावले. बायको आणि मुलगी गमावलेल्या माळ्याने.

यंदा १६ नोव्हेंबरच्या मिस्सात भाविकांच्या प्रार्थनेत आठही नावे वाचावीत, अशी विनंती आम्ही आमच्या फादरांना केली आहे. ते म्हणाले, उच्चार नीट लिहून द्या. आम्ही कागद दिला आहे. वरची दोन नावे एल्बा आणि सेलिना.