सत्तर मीटरच्या तबकडीचे सांधे

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात, गोल्डस्टोन येथे नासाचा ७० मीटर व्यासाचा अँटेना आहे. १६ सप्टेंबर २०२५ रोजी तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिरला. मधून जाणाऱ्या केबल आणि नळ्यांवर ताण आला, अग्निशमन यंत्रणेच्या नळ्यांनाही इजा झाली आणि आत पाणी भरले. अँटेना बंद ठेवावा लागला.

हे घडतेच कसे, हे कळण्यासाठी मानेकडे पाहावे. मान दोन्ही बाजूंना वळते, पण गरगर फिरत नाही. कारण तिच्यातून मज्जारज्जू आणि रक्तवाहिन्या जातात. तबकडीचेही तसेच. वीज, संदेश आणि यंत्रे थंड ठेवणारे पाणी खालच्या स्थिर भागातून वरच्या फिरत्या भागात न्यावे लागते. केबलला थोडी सैल ठेवलेली असते, तेवढाच पीळ चालतो. मग उलट फिरून तो सोडवावा लागतो.

या अँटेनाचे वय लक्षात घ्यायला हवे. १९६६ मध्ये तो ६४ मीटरचा होता, १९८८ मध्ये ७० मीटरचा झाला. त्याचा फिरता भाग सुमारे ४० लाख किलो वजनाचा असून तो तीन पायांवर उभा असतो. हे पाय सुमारे २४ मीटर व्यासाच्या पोलादी कड्यावर तेलाच्या पातळ थरावरून सरकतात. गुडघ्यात वंगणासारखा द्रव असतो, तसाच हा प्रकार. कडे सपाट असेल तरच थर टिकतो. ४४ वर्षांच्या वापराने ते उंचसखल झाले, तेव्हा २०१० मध्ये अभियंत्यांनी हा सगळा डोलारा सुमारे पाच मिलिमीटर उचलून तात्पुरत्या आधारांवर ठेवला आणि बेअरिंग बदलले. नासानेच त्याची तुलना सांधेरोपणाशी केली होती. त्यासाठी अँटेना काही महिने बंद होता, पण ते आधी ठरवून.

ठरवून बंद ठेवणे आणि अचानक बंद पडणे यांतला फरक ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या जुळ्या अँटेनाने दाखवला. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२१ तो दुरुस्तीसाठी बंद होता. व्हॉयेजर-२ ला आज्ञा पाठवू शकणारा तोच एक. त्या काळात यानाचे संदेश लहान अँटेनांनी ऐकता येत होते, पण त्याला काही सांगता येत नव्हते. तरी यान सुखरूप राहिले, कारण बंदचा कालावधी ठाऊक होता आणि तयारी आधीच केली होती. शस्त्रक्रिया वेळ ठरवून करणे आणि रुग्ण मध्यरात्री अपघात विभागात येणे, इतका हा फरक आहे.

नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या बाबतीत नशीबवान. तिथे प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. एक देखभालीला काढली तरी बाकीच्या निरीक्षण चालू ठेवतात. सत्तर मीटरचे अँटेना मात्र जगात नासाकडे तीनच, गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा येथे.

देखभालीला पैसा मिळत नाही ही तक्रार केवळ खगोलशास्त्राची नाही. सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅन यंत्र आले की फीत कापायला मंत्री येतात. वार्षिक देखभाल कराराची फाइल मात्र टेबलावरून टेबलावर फिरत राहते. यंत्र बंद पडल्यावरच ती कोणाला आठवते. पोर्टो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीच्या बाबतीत याहून वाईट घडले. ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या दोन केबल निकामी झाल्या आणि १ डिसेंबरला शेकडो टनांचा मंच खालच्या तबकडीवर कोसळला.

पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह रडारने मोजण्याचे काम अरेसिबो आणि गोल्डस्टोन ही दोन ठिकाणे प्रामुख्याने करत होती. अरेसिबो गेल्यावर मुख्य भार गोल्डस्टोनच्या याच तबकडीवर आला. रडारमुळे लघुग्रहाचे अंतर आणि वेग अतिशय अचूक कळतो, म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची त्याची वाट सांगता येते. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. तेव्हा तो आदळणार नाही, हे खात्रीने सांगता आले आहे.