मॅग्नमचा माज

दिवाळीच्या अंकात पिस्तुलाचा विषय काढणे हे काही शुभलक्षण नव्हे. या दिवसांत पोराने टिकल्यांची बंदूक आत्याच्या कानाशी वाजवावी, एक धपाटा खावा, आणि दारूगोळ्याचे प्रकरण तिथेच मिटावे, हेच बरे. परंतु नव्या श्रीमंतीने आमच्याकडे एक नवा छंद आणला आहे. त्याला सगळे वाहवा म्हणतात, म्हणून कोणीतरी छे म्हणावयास हवे. ते काम मी पत्करतो.

आमचे बुटीबोरी म्हणजे नागपूरहून वर्ध्याकडे निघालेल्या रस्त्यावरचे गाव. कधीकाळी इथे कापूस आणि तूर पिकत होती; आता औद्योगिक वसाहतीची धुराडी पिकतात. कारखाने आले, जमिनींना भाव आले, आणि भावांबरोबर भाऊसाहेब आले. पहिल्यांदा बंगला, मग मोटार, मग मोटारीहून मोठी मोटार, आणि त्यानंतर काय, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यापैकी काहींना कमरेला लावायचे रिव्हॉल्व्हर आठवते. तेही कसे? कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ चे नको. ते बँकेच्या रोखपालाकडेही असते. हवे ते मॅग्नम. त्यातही .३५७ दुसऱ्या कोणाकडे निघाले, तर आपल्याला .४४ पाहिजे, आणि.४४ निघाले, तर जे कोणी ऐकलेसुद्धा नाही ते .४१ पाहिजे. "गुरुजी, अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नाही बरं!" हे वाक्य मी एका बैठकीत ऐकले आहे. बोलणाऱ्याचा चेहरा पहिला नातू झालेल्या आजोबांसारखा फुलला होता.

हे मॅग्नम म्हणजे आहे तरी काय? शब्द लॅटिन, अर्थ एवढाच की मोठे. शँपेनच्या दीड लिटरच्या बाटलीलाही मॅग्नमच म्हणतात, आणि बंदूकवाल्यांनी हा शब्द तिथूनच उचलला असे सांगतात. १९३५ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने .३५७ मॅग्नम काढले. जुन्या .३८ च्या काडतुसाचे नळकांडे त्यांनी सुमारे एक अष्टमांश इंच लांब केले. का? तर हे जबर काडतूस चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरात शिरू नये आणि ते रिव्हॉल्व्हर धरणाऱ्याच्या हातात फुटू नये. म्हणजे ज्या काडतुसाच्या कुंडलीतच 'साध्या हत्याराला न पेलणारे' असे लिहिले आहे, ते हे काडतूस. १९५५ साली .४४ मॅग्नम आले आणि १९६४ साली या दोघांच्या मधले .४१. हे तिसरे अपत्य मुख्यतः पोलिसांसाठी जन्माला घातले होते. पोलिसांनी हातात घेऊन पाहिले, वजन पाहिले, धक्का पाहिला, आणि बहुतेकांनी नमस्कार केला. १९७१ साली एका चित्रपटातल्या इन्स्पेक्टरने .४४ हातात धरले. त्या बोअरचे नाव जगभर झाले आणि.४१ कायमचे मागच्या बाकावर बसले. आज त्याच्या जन्मभूमीतही त्याची काडतुसे शोधावी लागतात. असे हे पोरके बोअर आमच्या वर्धा रोडवरच्या भाऊसाहेबांना दत्तक घ्यायचे आहे!

तिकडे या हत्यारांना काही अर्थ तरी आहे. मोठ्या मॅग्नमांचा पाठपुरावा करणाऱ्यांत एल्मर कीथ हा एक गुराखी-शिकारी होता. तो डोंगराळ मुलखात राहणारा. जिथे अस्वल समोर उभे राहू शकते तिथे कमरेला जड हत्यार बाळगण्यात शहाणपण आहे. आमच्याकडे बोरचे जंगल जवळच आहे आणि त्यात वाघही आहेत. पण वाघाचा बंदोबस्त १९७२ च्या कायद्याने ज्यांच्याकडे दिला आहे त्यांनीच करायचा आहे. रानडुकराने ज्याची तूर उकरली तो शेतकरी तर रिव्हॉल्व्हर मागतच नाही. तो कुंपण मागतो. ते त्याला मिळत नाही, हा वेगळा लेख होईल.

आता या खरेदीची आपल्या देशातली गंमत ऐका. आपल्या कायद्यात हत्यारांच्या दोन जाती आहेत, निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर. कोणीही सरळ माणूस समजेल की जे अधिक घातक ते निषिद्ध. तसे मुळीच नाही! ज्या रिव्हॉल्व्हरात फौजेचे किंवा पोलिसांचे जुने .३८० अथवा .४५५ चे काडतूस बसते, ज्या पिस्तुलात लष्करी ९ मिलिमीटरचे किंवा .४५ चे बसते, ते निषिद्ध. कारण सरकारी कोठारातून काडतुसे पळवून ती कोणी वापरू नयेत. आता .३५७ मॅग्नमची गोळी त्या जुन्या .३८० च्या साधारण तिप्पट जोराने आदळते. परंतु तिचे काडतूस फौजेत नाही, म्हणून ती अनिषिद्ध! मांजराला बंदी आणि बिबट्याला पास, कारण बिबट्या सरकारी दूध पीत नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारांचा कायदा झाला, तेव्हापासून राज्यकर्त्यांच्या मनात जी शंका बसली, तिची सावली १९५९ च्या आपल्या कायद्यावर आणि २०१६ च्या नियमांवरही पडलेली आहे. इंग्रज गेला, संशय राहिला.

त्यात १९८० नंतरच्या दशकात सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आणण्याची वाट बंद झाली. त्याआधी परदेशी राहून परतणारे लोक एखादे हत्यार सामानाबरोबर आणीत. तीच मॅग्नमे आज देशात या परवान्यावरून त्या परवान्यावर फिरत आहेत, म्हाताऱ्या हत्तींसारखी. माल थोडा, हौशे अनेक. परिणाम असा की अमेरिकेत जी वस्तू दुचाकीच्या किमतीत मिळते ती इथे चारचाकीच्या किमतीला जाते. नळीला आतून गंज आहे की नाही, दट्ट्याची खीळ झिजली आहे की नाही, चक्र घोड्याखाली बरोबर येऊन थांबते की नाही, हे पाहणारा जाणकार शोधूनही सापडत नाही. बहुतेक घेणारे वरची चकाकी पाहतात आणि नाव वाचतात. बैल घेताना माणूस दात तरी पाहतो!

बरे, घेतले. आता उडवायचे कुठे आणि कशाने? काडतुसांचा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो. .३२ चे काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होते; .४१ साठी परदेशी जुन्या डब्याचा शोध. जे मिळते ते मोजून मिळते आणि असे महाग पडते, की प्रत्येक आवाजाबरोबर एका मध्यम कुटुंबाचा भाजीचा हिशेब हवेत उडतो. तेव्हा उडवतो कोण? माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी आठ वर्षांत अकरा गोळ्या झाडल्या आणि उरलेल्या दसऱ्याला झेंडूच्या फुलांबरोबर ताम्हणात मांडतात.

आणि उडवली तर काय होते ते ऐका. .३२ ची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आसपास वजनाची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर. .४१ मॅग्नमची गोळी साडेतेरा ग्रॅमची, वेग चारशेच्या घरात. हिशेब केला तर तिचा जोर सातपट भरतो, आणि तो पुढे जाताना मागे मनगटाला आपला वाटा देऊन जातो. नवशिक्याला एकदा तो धक्का बसला, कानात तो स्फोट घुमला, की पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या आधीच त्याचे डोळे मिटतात आणि हात खाली दचकतो. गोळी जमिनीत जाते. ही सवय एकदा लागली की मोडायला शेकडो साध्या गोळ्या लागतात. आणि तेवढ्या आपल्या भाऊसाहेबांना परवान्यानेही मिळत नाहीत, पैशानेही नाहीत. बंद खोलीत हे हत्यार उडाले, तर एका बारात कानाला कायमची इजा होऊ शकते. शत्रूला लागले नाही तर ती गोळी प्लायवूडच्या दाराला विचारत बसत नाही, की पलीकडे कोण झोपले आहे.

ज्या .३२ ला हे लोक "बायकांचं खेळणं" म्हणतात, त्याची योग्यता त्यांना ठाऊक नाही. १८९६ सालापासून चालत आलेले हे काडतूस इतके अचूक आहे, की पंचवीस मीटरच्या सेंटर-फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत जगभरचे नेमबाज मुख्यतः तेच वापरतात. त्या स्पर्धेच्या नियमांत मॅग्नमला जागाच नाही. १९९४ साली हिरोशिमाला आणि २००६ साली दोह्याला जसपाल राणाने आशियाई सुवर्णपदक मिळवले ते याच स्पर्धेत. आपल्या मराठी मातीकडे पाहायचे तर कोल्हापूरकडे पाहा. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्नील कुसाळे या रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाने ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. तिघांच्याही हातात होते .२२, ज्याची गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची असते! त्या पावणेतीन ग्रॅममागे किती वर्षांची पहाट आहे ते त्यांनाच माहीत. भाऊसाहेबांच्या साडेतेरा ग्रॅममागे फक्त धनादेश आहे.

"पण गुरुजी, संरक्षण?" हा प्रश्न येणारच. येऊ द्या. मी काही अहिंसेचा व्रतस्थ नाही. रात्री एकटीदुकटी मोटार घेऊन फिरावे लागणाऱ्या माणसाला खरा धोका असेल, त्याने रीतसर परवाना काढून हत्यार घ्यावे, याला माझी हरकत नाही. पण त्या माणसाला हलके, विश्वासू आणि हाताच्या सवयीचे हत्यार लागते. सव्वा किलोचा दुर्मिळ दागिना नव्हे. शिवाय घरात लेकरे असतील तर ते कुलपात ठेवावे लागते, आणि कुलपात ठेवले तर चोर खोलीत आल्यावर किल्ली शोधावी लागते. उशाखाली ठेवले तर चोर येण्याच्या कितीतरी आधी घरातला आठ वर्षांचा मुलगा तिथे पोहोचतो. या पेचावर .४१ कडे काही उत्तर आहे काय? उलट बोअर जितके मोठे तितकी पोराची उत्सुकता मोठी.

आणि एक गोष्ट, जी सणाच्या दिवशी लिहू नये असे वाटते, पण विदर्भातल्या माणसाने ती लिहिली नाही तर कोणी लिहावी? आमच्या गावागावांत कपाशीच्या फवारणीची बाटली घरात हाताशी असते म्हणून किती घरे बसली हे आम्ही पाहिले आहे. निराशेची ती घटका पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळी हाताशी काय आहे यावर माणूस राहणार की जाणार हे ठरते. श्रीलंकेने अतिविषारी औषधांवर बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहूनही कमी झाल्या. बाटली प्यालेला माणूस निदान दवाखान्यापर्यंत नेता येतो. मॅग्नम तेवढी सवड देत नाही. कर्ज कारखानदारालाही होते. भांडण बंगल्यातही होते.

मग कोणी छाती पुढे काढून इतिहास सांगतो. चाफेकर, कान्हेरे, शस्त्रांची परंपरा! ठीक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या पोराने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. ते पिस्तूल दुर्मिळ आहे म्हणून तो मित्रांना दाखवीत हिंडला नव्हता. लिटनच्या कायद्याविरुद्ध काँग्रेसने ठराव केले. इथून पुढे याच रस्त्याने ज्या सेवाग्रामला जाता येते, तिथे पुढे येऊन राहिलेल्या गांधींनीही तो कायदा इंग्रजी राज्याचे एक काळे कृत्य मानला होता. सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणे हा त्यांना अपमान वाटला. त्या अपमानाशी भाऊसाहेबांच्या कमरपट्ट्याचा संबंध जोडणे म्हणजे सत्याग्रहाच्या मिठाचे नाव घेऊन फरसाणाचे दुकान काढणे आहे.

लग्नात हवेत बार काढणाऱ्यांविषयी मी जास्त लिहीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा तुरुंग किंवा एक लाखापर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, ठेवून दिले आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाने बाळगायच्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आणली. तेव्हा बैठकीतला शोक मला अजून आठवतो. २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून निघाले, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रात्रपाळी करून वसाहतीतून चालत परतणाऱ्या आमच्या मुलींपैकी एकीनेही ते घेतलेले मी पाहिले नाही. त्यांना रस्त्यावर दिवा हवा आहे आणि वेळेवर बस हवी आहे.

परवाना मागताना सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, असे २०१६ चे नियम सांगतात. चांगले आहे. माझी सूचना त्याच्या एक पाऊल पुढची आहे. दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण होते, त्या वेळी परवानाधारकाला मैदानावर उभे करावे. दहा पावलांवर जेवणाच्या ताटाएवढे लक्ष्य ठेवावे. स्वतःच्याच हत्याराने, स्वतःच्याच काडतुसांनी, सहा बार. चार ताटात लागले तर शिक्का मारावा; नाही लागले तर हत्यार ठाण्यात जमा करून पावती घ्यावी, जशी कित्येकांना निवडणुकीच्या दिवसांत घ्यावी लागते. ज्यांच्याकडे कानपूरचे .३२ आहे ते थोड्या सरावाने पार पडतील. .४१ वाल्यांना काडतुसे वाचवायची की परवाना, हे आदल्या रात्री ठरवावे लागेल. आणि माझा असा कयास आहे की त्या वर्षी नागपूर जिल्ह्यात बरीच मॅग्नमे एकदम विक्रीला निघून त्यांचा भाव पुन्हा दुचाकीवर येईल.