गिरणगावची साक्ष नोंदवा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या दिवशी तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे त्याची साक्ष देणार नाहीत. जमिनीचा भाव सरकारी दप्तरात नोंदला जातो. तिच्यावर घाम गाळणाऱ्यांचे जीवन नोंदले जात नाही.

नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गिरणगावचा इतिहास कामगारांच्याच मुखातून मांडला. त्याचे मोल मोठे आहे. परंतु एका ग्रंथाने ही जबाबदारी संपत नाही. पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणारे गाववाले, उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या, भजनी मंडळे, अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांचे लालबावटा कलापथक, या सर्वांतून कामगारांची एकजूट घडली. युनियनच्या दप्तरात ठराव आणि मागण्या सापडतील. संपात चूल कशी पेटत राहिली, हे स्त्रियाच सांगू शकतील.

म्हणून कार्यकर्त्यांनी चाळीचाळींतून ध्वनिमुद्रणाचे काम हाती घ्यावे. बोलणाऱ्याची संमती घ्यावी. गिरणी, खाते, पाळी यांची नोंद ठेवावी. संपात अखेरपर्यंत टिकलेल्यांबरोबर नाइलाजाने कामावर परतलेल्यांचेही ऐकावे. केवळ गौरवगाथा जमविल्याने चळवळ शहाणी होत नाही. मुद्रणाची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात सर्वांसाठी खुली असावी. हे काम लांबणीवर टाकले, तर संपाचा इतिहास मालकांच्या ताळेबंदांवरूनच लिहिला जाईल.